साईट बदलली की चौकट काळी: मल्टी-साईट कॅमेरा स्विचिंगचा परत परत येणारा प्रॉब्लेम कसा पकडायचा

तक्रार बहुतेक वेळा एवढीच येते, "साईट बदलली की काळं होतंय". सेटअप साधारण असा असतो की एक कंट्रोल रूम, तिथे व्हिडिओ वॉल, लांब लांबच्या चार-पाच किंवा जास्त साईट, प्रत्येक साईटला आपापला एनव्हीआर (तिथल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), सगळं व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी टनेलने) जोडलेलं, आणि वॉलवर टूर लावलेली की दर १० सेकंदांनी पुढचे चार कॅमेरे येणार. बसवून दिलं तेव्हा सगळं छान चालतं आणि मग हळूहळू सुरू होतं. एखादी चौकट काळीच राहते, एखाद्यात पिक्चर अर्धंच येतं, कधी अख्खी साईट गायब. साईटवर कोणाला तरी फोन करून एनव्हीआर बंद-चालू करायला सांगतात, पिक्चर येतं, सगळे म्हणतात झालं, आणि थोड्या दिवसांनी परत तोच फोन.

ह्यात कॅमेरा खराब निघतो असं फार क्वचित होतं. साईटवरच्या एनव्हीआरला त्याच कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सलग दिसत असेल तर कॅमेरा, त्याची केबल आणि पॉवर ह्यांना हात लावायची गरज नाही, दोष स्विच होतानाच्या दोन-चार सेकंदांत आहे, तिथेच शोधायचा. आणि तो शोधायचं सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे घड्याळ. काळं किती सेकंद राहतं, चालू असलेलं पिक्चर किती वेळाने थांबतं, कुठल्या कॅमेऱ्यानंतर थांबतं, हे मोजलं की कारण जवळजवळ तिथेच कळतं. न मोजता सेटिंग बदलत बसलात तर आठवडा जातो.

मोजायची सोपी पद्धत म्हणजे वॉलच्या बाजूला सेकंद दिसतील असं घड्याळ लावा आणि टूरची एक पूर्ण फेरी मोबाईलवर शूट करा (आधी परवानगी घ्या, आणि मोजून झालं की व्हिडिओ डिलीट करा, वॉलवर काय दिसतं ते कोणाच्या फोनमधे राहायला नको). मग सावकाश बघत कागदावर लिहा: साईट, कॅमेरा, काळं किती सेकंद, आधी कुठला कॅमेरा होता. हे "आधी कुठला होता" बरेच जण लिहीत नाहीत आणि तेच खूप कामाचं निघतं.

पहिल्यांदा एक छोटी गोष्ट बाजूला काढा. अख्खा मॉनिटर काळा होऊन "नो सिग्नल" येतंय की फक्त आतली एक चौकट काळी होतेय? अख्खा मॉनिटर जात असेल तर नेटवर्कचा काही संबंध नाही, डिकोडर (स्ट्रीमचं चित्र करून वॉलला देणारा डबा) किंवा पीसी स्विच करताना आउटपुटचं रिझोल्यूशन बदलतोय आणि मॉनिटर परत लॉक होतोय. आउटपुट फिक्स करा, उदाहरणार्थ १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ, ऑटो काढून टाका, विषय संपला.

आता समजा चौकटच काळी होतेय, आणि प्रत्येक वेळी दोन, तीन, चार सेकंद काळं राहून मग पिक्चर व्यवस्थित येतं. हा आय-फ्रेमचा मामला. एच.२६४ आणि एच.२६५ मधे (हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, पूर्ण चित्र फक्त आय-फ्रेममधे असतं आणि मधल्या फ्रेममधे फक्त काय बदललं तेवढं. डिकोडर मधेच जोडला गेला तर पुढची आय-फ्रेम येईपर्यंत त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. २५ फ्रेमला आय-फ्रेम इंटरव्हल ५० ठेवला असेल तर जास्तीत जास्त २ सेकंद थांबावं लागेल, सरासरी १. पण स्टोरेज वाचवायला कोणी स्मार्ट कोडेक चालू केलेला असतो, त्यात समोर हालचाल नसेल तर कॅमेरा आपणहून हा इंटरव्हल लांबवत नेतो, आणि मग रिकाम्या गोडाऊनचा कॅमेरा चांगले ८-१० सेकंद काळा राहतो आणि टूर तोपर्यंत पुढे निघून जाते! ऑपरेटरच्या दृष्टीने तो कॅमेरा बंदच, आणि गंमत म्हणजे समोरून कोणी गेलं की तोच कॅमेरा पटकन येतो, त्यामुळे लोक "कधी येतो कधी नाही" म्हणतात. ॲनालॉग मॅट्रिक्स वापरलेल्यांना आठवत असेल, तेव्हा कॅमेरे सिंकमधे नसले की स्विच करताना पिक्चर रोल व्हायचं आणि सगळे कॅमेरे लाइन-लॉक करावे लागायचे. आयपीमधे त्याच जागी आय-फ्रेम आलीय.

उपाय: रेकॉर्डिंगचा मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचा) आहे तसा राहू द्या, वॉलला सब-स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचा छोटा, हलका) द्या, सब-स्ट्रीमवर स्मार्ट कोडेक बंद करा आणि आय-फ्रेम इंटरव्हल फ्रेम रेटएवढाच ठेवा, म्हणजे १ सेकंद. बँडविड्थ थोडी वाढते पण सब-स्ट्रीमला ते परवडतं. ओएनव्हीआयएफमधे (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात ते स्टँडर्ड) "सेट सिंक्रोनायझेशन पॉइंट" नावाची कमांड पण आहे, ती दिली की कॅमेरा लगेच आय-फ्रेम टाकतो. तुमचं सॉफ्टवेअर ती वापरत असेल तर उत्तम, फक्त मधे एनव्हीआर असला तर तो ती पुढे कॅमेऱ्यापर्यंत नेईलच असं धरून चालू नका.

कागदावर असं दिसलं की काळं फक्त एका विशिष्ट कॅमेऱ्याच्या नंतरच येतं, तर त्या दोन कॅमेऱ्यांचा कोडेक आणि रिझोल्यूशन बघा. एक एच.२६४ आणि पुढचा एच.२६५ असेल तर डिकोडरला आतलं सगळं मोडून परत मांडावं लागतं, त्यात वेळ जातो. वॉलला जाणारे सगळे सब-स्ट्रीम एकाच कोडेकवर, एकाच साईजवर आणा. कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचंय.

आता मला सगळ्यात जास्त वेळा भेटणारा प्रकार. सकाळी टूर नीट चालते, काही तासांनी एका साईटचे कॅमेरे एक-एक करून यायचे बंद होतात, एनव्हीआर रीबूट केला की लगेच सगळे हजर. इथे बहुतेक मेलेली सेशन साठलेली असतात. प्रत्येक वेळी चौकट बदलते तेव्हा डिकोडर आरटीएसपीवर (व्हिडिओ मागवायचा आणि थांबवायचा प्रोटोकॉल) नवीन सेशन उघडतो, सहसा पोर्ट ५५४ वर, आणि जुनं सेशन बंद करताना त्याने टीअरडाउन, म्हणजे "बंद करतोय" असा निरोप, पाठवायला पाहिजे. काही डिकोडर ते पाठवतच नाहीत, नुसतं सोडून देतात, किंवा पाठवतात पण मधला फायरवॉल ते पोचू देत नाही. एनव्हीआरला वाटतं समोरचा अजून बघतोय. आरटीएसपीमधे सेशनचा टाइमआउट वेगळा सांगितला नसेल तर ६० सेकंद धरतात. आता हिशोब करा, दर १० सेकंदांनी चार चौकटी बदलतात, म्हणजे ६० सेकंदांत २४ सेशन मागे सोडली, वर आत्ताची ४, एकूण २८. असे दोन मॉनिटर असतील तर ५६. हे सगळं नीट ६० सेकंदांत साफ होत असेल तर फक्त गर्दी, पण एनव्हीआरच्या फर्मवेअरने त्यातली काही साफ केलीच नाहीत तर ती साठत जातात आणि एक दिवस तो नवीन कोणालाच आत घेत नाही. बँडविड्थ पण जाते. यूडीपीवर (पोचलं का ते न विचारता पाठवायची पद्धत) व्हिडिओ जात असेल तर एनव्हीआर त्या मेलेल्या सेशनला टाइमआउटपर्यंत व्हिडिओ पाठवतच राहतो, अर्धा एमबीपीएसचा सब-स्ट्रीम धरला तरी २४ सेशनचे १२ एमबीपीएस कोणीही बघत नसताना चाललेत.

हे खरंच होतंय का ते बघायला एनव्हीआरच्या ऑनलाइन युजर किंवा कनेक्शनच्या पानावर जा, तिथे तुमच्या डिकोडरचाच आयपी खाली खाली ओळीने लागलेला दिसला तर पकडलं. अजून खात्री हवी असेल तर कंट्रोल रूममधे वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, पोर्ट ५५४ चा फिल्टर टाका आणि टूर दोन-तीन वेळा बदलू द्या. सेटअप, प्ले आणि मग टीअरडाउन, त्याला २०० ओके, असा क्रम प्रत्येक कॅमेऱ्याला दिसला पाहिजे. टीअरडाउन दिसतच नाही तर डिकोडरचा दोष. टीअरडाउन जातोय पण उत्तर येत नाही तर मधला फायरवॉल बघा. आणि प्ले किंवा सेटअपला ४५३ किंवा ५०३ असं उत्तर येत असेल तर एनव्हीआर सरळ सांगतोय की जागा नाही.

तात्पुरता इलाज म्हणजे डिकोडरमधे आरटीएसपी टीसीपीवर (पोचल्याची खात्री करत पाठवायची पद्धत) लावा, म्हणजे व्हिडिओ त्याच कनेक्शनमधून येतो आणि कनेक्शन तुटलं की एनव्हीआरला बहुतेक वेळा लगेच कळतं. लिंकवर पॅकेट लॉस जास्त असेल तर टीसीपीने पिक्चर मागे पडत जातं हे मात्र लक्षात ठेवा. ड्वेल टाइम (एक कॅमेरा वॉलवर राहतो तो वेळ) १० वरून २० सेकंद केला तरी गर्दी अर्धी होते.

पण माझं मत विचाराल तर दर वेळी साईटपर्यंत जाऊन नवीन कनेक्शन उघडायचं हे डिझाइनच मल्टी-साईटला चालत नाही. कंट्रोल रूममधे एक मीडिया सर्व्हर किंवा व्हीएमएसचा (सगळे कॅमेरे सांभाळणारं सॉफ्टवेअर) रिले ठेवा, तो प्रत्येक कॅमेऱ्याचा सब-स्ट्रीम साईटवरून एकदाच ओढेल आणि कायम उघडा ठेवेल, वॉल, ऑपरेटरचे पीसी, साहेबांचा मोबाईल हे सगळे त्याच्याकडून घेतील. मग स्विचिंग कंट्रोल रूमच्या आतल्या आत होतं. खर्च काय तर सतत चालणारी बँडविड्थ, साईटवर १६ कॅमेरे आणि ५१२ केबीपीएसचा सब-स्ट्रीम धरला तर साधारण ८ एमबीपीएस अपलोड दिवसरात्र. तेवढी लाइन साईटला असेल तर दुसरा विचार करू नका. नसेल तर निदान टूरमधले महत्त्वाचे कॅमेरे तरी असे कायम उघडे ठेवा.

बँडविड्थचा विषय निघालाच आहे तर अपलोड स्पीड तपासा, डाउनलोड नाही. साईटच्या बाजूने बघितलं तर सगळा व्हिडिओ अपलोडमधे जातो आणि लाइन घेताना लोक मोठा आकडा डाउनलोडचा बघून घेतात. शिवाय बरेच डिकोडर नवीन पिक्चर आल्याशिवाय जुनं सोडत नाहीत, चांगली सोय आहे ती, पण त्यामुळे स्विचच्या क्षणी जुने चार आणि नवे चार असे आठ स्ट्रीम एकदम चालतात. ४ एमबीपीएसचे मेन स्ट्रीम असतील तर १६ च्या जागी ३२ लागले, आणि लाइन २० ची. वर चारही नव्या कॅमेऱ्यांच्या आय-फ्रेम एकदम येतात आणि त्या बाकी फ्रेमपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. म्हणून चारही चौकटी एकाच ठोक्याला बदलू नका, दोन-तीन सेकंद पुढेमागे ठेवा, आणि चार चौकटीत सब-स्ट्रीम, एकच कॅमेरा मोठा केला तरच मेन स्ट्रीम, असा नियम लावा.

फक्त रात्रीच होतंय असं असेल तर कॅमेऱ्याच्या रात्रीच्या बिटरेटकडे बघा. अंधारात गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवणं) वाढतो, चित्रात दाणे येतात, आणि एन्कोडरला ते दाणे म्हणजे हालचालच वाटते, व्हीबीआरला (दृश्याप्रमाणे बदलणारा बिटरेट) वरची मर्यादा सैल ठेवली असेल तर बिटरेट चढतो. मर्यादा घट्ट करा, नॉइज रिडक्शन वाढवा. त्याच वेळी साईटच्या ऑफिसचा रात्रीचा बॅकअप त्याच लाइनवरून जात नाही ना, ते पण विचारा.

आता घड्याळाची खरी करामत. टूर नाही, एकच कॅमेरा लावून ठेवलाय आणि पिक्चर बरोबर एका मिनिटाने थांबतंय, परत लावलं की परत एका मिनिटाने. हे सेशनचं कीप-अलाइव्ह. पाहणाऱ्या बाजूने अधूनमधून "मी आहे" असं सांगायचं असतं, ते जात नाहीये म्हणून ६० सेकंदांनी स्ट्रीम बंद. व्हीएमएस किंवा डिकोडरचं फर्मवेअर अपडेट करा, कीप-अलाइव्हची पद्धत बदलता येत असेल तर ऑप्शन्स आणि गेट पॅरामीटर ह्या दोन्ही कमांड करून बघा.

आणि पिक्चर साधारण ४ मिनिटं २० सेकंदांनी थांबत असेल तर तुम्ही मल्टिकास्ट (एकच स्ट्रीम एकदम अनेकांना) वापरताय आणि नेटवर्कमधे आयजीएमपी क्वेरिअर, म्हणजे "हा स्ट्रीम अजून कोणाला हवाय का" असं अधूनमधून विचारणारा, नाहीये. २६० सेकंद ही आयजीएमपीची ग्रुप मेंबरशिपची डिफॉल्ट मुदत आहे (१२५ गुणिले २ अधिक १०). स्नूपिंग (कोणत्या पोर्टला कुठला स्ट्रीम हवा ते ऐकून ठेवणं) चालू असलेला नेटवर्क स्विच तेवढा वेळ वाट बघतो, कोणी विचारणारा नसल्यामुळे कोणी उत्तर देत नाही, आणि स्विच त्या पोर्टला स्ट्रीम द्यायचं बंद करतो. त्या व्हीलॅनमधल्या (स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) मुख्य स्विचवर क्वेरिअर चालू करा, झालं. ह्यावर लोक स्नूपिंगच बंद करून टाकतात, ते करू नका, मग सगळे स्ट्रीम सगळ्या पोर्टवर वाहतात आणि दुसरंच काहीतरी बसतं. आणि साध्या आयपीसेक (व्हीपीएनचा नेहमीचा प्रकार) टनेलमधून मल्टिकास्ट पलीकडच्या साईटला सहसा जात नाही, त्याला जीआरई वगैरे वेगळं टनेल लागतं, म्हणून साईटच्या बाहेर युनिकास्टच (प्रत्येकाला वेगळा स्ट्रीम) ठेवा.

पिक्चर जोडलं जातं, चौकटीवर नाव येतं, पण चित्र येतच नाही किंवा वरचा भाग येऊन खाली राखाडी पट्टा राहतो, आणि हे एकाच साईटला होतं: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार (बाइटमधे), बघा. साध्या इथरनेटचा १५००, पीपीपीओई असेल तर १४९२, आणि वरून व्हीपीएनचं वेष्टण आलं की आत साधारण १४०० च्या आसपासच उरतं. आरटीएसपीचे निरोप छोटे असतात ते आरामात जातात, आय-फ्रेमची पॅकेट भरगच्च असतात ती अडकतात. कंट्रोल रूममधून साईटच्या एनव्हीआरला "डोन्ट फ्रॅगमेंट" लावून पिंग करा, १४७२ बाइटपासून सुरुवात करून खाली या, जो आकडा पहिल्यांदा पास होईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू. मग फायरवॉलवर टनेलचा एमटीयू आणि टीसीपीचा एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) त्याप्रमाणे लावा, एमएसएस म्हणजे एमटीयू वजा ४०, आणि स्ट्रीम टीसीपीवर घ्या.

पासवर्ड बरोबर असून "लॉगिन फेल" येतंय, तर दोन गोष्टी. एक, कॅमेऱ्याचं घड्याळ. ओएनव्हीआयएफच्या लॉगिनमधे वेळेचा शिक्का असतो, कॅमेऱ्याची वेळ फार पुढेमागे असली की तो बरोबर पासवर्ड पण नाकारतो. थेट आरटीएसपीने तोच कॅमेरा चालतो पण ओएनव्हीआयएफने जोडता येत नाही, अशी खूण दिसली की वेळ बघा, एनटीपीचा (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याचा) यूडीपी पोर्ट १२३ व्हीपीएनमधून उघडा आहे ना तेही. दोन, लॉकआउट. साईटवर कोणी कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला, स्विचिंग सिस्टिममधे जुनाच राहिला, टूर दर फेरीला जुना पासवर्ड मारते, कॅमेरा लॉक होतो, लॉक सुटायच्या आत टूर परत येते. मग तुम्ही हाताने बरोबर पासवर्ड टाकला तरी तो घेत नाही, आणि व्हीपीएनवर सगळ्यांचा आयपी एकच दिसत असेल तर सगळेच बाहेर. आधी तो कॅमेरा टूरमधून काढा, लॉकची मुदत संपू द्या, मग पासवर्ड बदला. स्विचिंगसाठी प्रत्येक कॅमेऱ्यावर फक्त बघण्यापुरता वेगळा युजर करा, ॲडमिन कशालाही देऊ नका.

शेवटचा प्रकार काळ्या चौकटीचा नाही पण ह्या सगळ्यांत धोकादायक आहे, म्हणून तो दिसला तर बाकी सोडून आधी हा. साईट दोनचं गेट निवडलं आणि साईट एकचं गेट दिसलं. पिक्चर स्वच्छ, हलतंय, काही तक्रार नाही, म्हणून कोणाच्या लक्षात पण येत नाही, आणि ज्या दिवशी खरोखर काही घडेल त्या दिवशी ऑपरेटर चुकीच्या गेटवर माणूस पाठवेल. कारण बहुतेक हेच असतं की दोन्ही साईटना १९२.१६८.१ चीच रेंज दिलेली. व्हीपीएनवर नॅट (पत्ते बदलून दाखवणं) करून वरवर ते वेगळे दाखवलेले असतात, पण ओएनव्हीआयएफने "तुझा स्ट्रीम कुठे मिळेल" विचारलं की कॅमेरा आपला आतलाच पत्ता सांगतो, १९२.१६८.१.२० वगैरे, आणि सिस्टिम त्या पत्त्यावर जी साईट आधी सापडेल तिथे जाते.

ह्यावर नॅटचे जुगाड करत बसू नका, साईटचे आयपीच बदला. १०.साईट नंबर.व्हीलॅन.कॅमेरा अशी रचना घेतली, म्हणजे साईट २१ च्या कॅमेऱ्यांना १०.२१.४० ची रेंज, तर पत्ता वाचूनच साईट कळते. कॅमेऱ्याच्या आतच, एनव्हीआर किंवा व्हीएमएसमधे नाही, साईटचं नाव आणि कॅमेरा नंबर ओएसडीवर (चित्रावरच उमटणारी अक्षरं) टाका, म्हणजे चौकटीवरचं सिस्टिमचं नाव आणि चित्रातलं नाव जुळत नसेल तर ऑपरेटरला लगेच दिसेल. आणि बदल केल्यावर साईटवरच्या माणसाला कॅमेरा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद हातात धरून प्रत्येक कॅमेऱ्यासमोर उभं करा, इकडे वॉलवर वाचून टिक करा. एकही कॅमेरा "हा तर बरोबरच असणार" म्हणून सोडू नका, पार्किंग आणि कॉरिडॉरचे कॅमेरे सगळीकडे सारखेच दिसतात, अदलाबदल तिथेच लपते.

कुठलाही बदल केला की टूर एक पूर्ण रात्र आणि एक पूर्ण दिवस चालू द्या आणि मगच पुढच्या साईटला हात लावा. दोन बदल एकदम केले तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून मोजायला लागेल.